थिसिसचा विषय

चि. सायली,


‘कुठला तरी विषय घेऊन थिसिस उरकून टाकते,’ असं तू म्हणालीस, हे ताईकडून कळलं. मला वाईट वाटलं, म्हणून लगेच लिहायला बसले.

लायब्ररीतले नर्सिंगचे जुने थिसिस चाळून विषय काढू नकोस. ‘अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’ हाच विषय किती जणींनी करायचा? आधी प्रश्नावली, मग तास, मग तीच प्रश्नावली. गुण वाढणारच! पेशंटच्या पदरात काय पडलं, ते मात्र कळत नाही.

पेशंटच्या उपयोगी पडणारा अभ्यास कसा असतो, ते बघ. बेडसोरचा धोका ओळखायचा नॉर्टन स्केल तुला पाठ असेल. पाच मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 4 गुण, बेरीज 14 किंवा त्याखाली आली की सावध व्हायचं. परीक्षेपुरतं एवढं ठीक. पण डोरीन नॉर्टन ही स्वतः नर्स होती, हे लक्षात ठेव. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पाठीला तेव्हा इंग्लंडमधल्या वॉर्डांत नाना तऱ्हेचे लेप आणि द्रव चोळत. ज्या सिस्टरची जी पद्धत, तीच तिला खरी वाटे. नॉर्टन आणि तिच्या सहकाऱ्यांनी पेशंट नीट पाहिले, नोंदी ठेवल्या आणि 1962 मध्ये अहवाल छापला. काय चोळलं यापेक्षा अंगावरचा दाब वेळेवर हलवला का, कूस बदलली का, हे महत्त्वाचं ठरलं. त्यासाठी लागला तो तक्ता, आणि रोज नेमकं लिहायची चिकाटी. हे काम वॉर्डात उभी राहणारी बाईच करू शकते; राउंड घेऊन निघून जाणाऱ्याला ते दिसत नाही.

दुसरं उदाहरण. नाईटला एकटीवर किती पेशंट पडतात, याबद्दल आपण वर्षानुवर्षं तक्रार करतो. लिंडा एकेन या नर्स-संशोधिकेने 2002 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांची आकडेवारी मांडली: नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटमध्ये 30 दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी जास्त. तक्रार कानाआड करता येते, अशा आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

गणिताची धास्ती घेऊ नकोस, स्टॅटिस्टिशियन मदत करतील. एथिक्स कमिटीची परवानगीही रीतसर मिळेल. प्रश्न मात्र तुझा हवा. या आठवड्यात ड्युटीवर वही जवळ ठेव. एकच काम दोन सिस्टर वेगवेगळ्या रीतीने करताना दिसल्या की लिहून ठेव. असे दोन-तीन प्रश्न जमले की गाईडना भेट, आणि त्याआधी मला पाठव.

तुझी,
सुमनमावशी