माणिकडोहचा बिबट्या-निवारा

अष्टविनायकांपैकीं ओझरचा विघ्नेश्वर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज हे दोन गणपति एकट्या जुन्नर तालुक्यांत आहेत. गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब त्यांच्या दर्शनास गेलों होतों. बरोबर दहा वर्षांचा नातू होता, आणि मुक्काम आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मळ्यावर होता. ओझरचें देऊळ, लेण्याद्रीच्या सुमारें तीनशें पायऱ्या आणि वरचीं बौद्ध लेणीं यांचीं वर्णनें वाचकांनीं अनेकदां वाचलीं असतील. शिवनेरीच्या पायथ्याशीं उभें राहिलें म्हणजे मराठी माणसाच्या मनांत काय येतें, हेंही सांगावयास नको. आज लिहावयाचें आहे तें, जेथें जाण्याचा आमचा मुळींच बेत नव्हता अशा एका स्थळाविषयीं.

जुन्नरपासून थोड्याच अंतरावर, कुकडी नदीवरील माणिकडोह धरणाजवळ, बिबट्यांसाठीं एक निवारा केंद्र आहे. 1995 सालीं स्थापन झालेली ‘वन्यजीव एस. ओ. एस.’ ही संस्था वनखात्याच्या सहकार्यानें तेथें या जनावरांची शुश्रूषा करते. नातवानें हट्ट धरला, आमच्या विद्यार्थ्यानें रीतसर परवानगी मिळविली, आणि आम्ही निघालों.

वाटेंत दोन्हीं बाजूंस ऊंस. गाडी हांकतां हांकतां यजमानांनीं जें सांगितलें त्यावरून या प्रश्नाचें मूळ आम्हांस प्रथम कळलें. बिबट्या हा या मुलुखाचा जुनाच रहिवासी. पण पूर्वीं त्याचें ठाणें डोंगरांत असे. पुढें येडगांव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगांव जोगे हीं कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें झालीं, आणि जेथें बाजरी पिकत होती तेथें ऊंस उभा राहिला. ऊंस बारा ते अठरा महिने शेतांत असतो. पुरुषभराहून उंच, दाट, आंत गारवा, जवळ पाटाचें पाणी, आणि वस्तीवर कुत्रीं, शेळ्या, वासरें! मादीला विण्यास याहून सोयीची जागा ती कोणती? आज येथें फिरणाऱ्या कित्येक बिबट्यांचा जन्म उंसांतलाच. तो रान सोडून गांवांत आला, असें आपण शहरांत बसून म्हणतों. पण त्यानें रान पाहिलेलेंच नसतें.

गांवकरी त्याला सरसकट ‘वाघ’ म्हणतात. मास्तरकीच्या संवयीनें आम्हीं एक-दोघांना दुरुस्त केलें. मग आठवलें कीं, अमरकोशांतही ‘द्वीपी’ हा शब्द वाघाच्याच नांवांत घातलेला आहे. अमरसिंहाला जें चाललें तें जुन्नरच्या शेतकऱ्यास कां चालूं नये? आम्हीं दुरुस्ती करणें सोडून दिलें.

केंद्राच्या दारांतच तेथील कर्मचाऱ्यानें बोलूं नका म्हणून सांगितलें. आंत झाडें आहेत, लोखंडी जाळीचे पिंजरे आहेत, आणि त्यांना लागून जनावरांस फिरावयास मोकळ्या जागा आणि चढून बसावयास लांकडी मांचे आहेत. येथें ठेवलेले बिबटे बहुधा पुन्हां बाहेर जाण्याजोगे नसतात. कोणाचा पाय रानडुकरांसाठीं लावलेल्या फांशांत अडकून तुटलेला. कोणी सांपळ्याच्या गजांना चावून सुळे मोडून घेतलेले. कोणी दृष्टीनें अधू. कांहीं पिलेंपणींच आईवेगळीं होऊन माणसाच्या हातीं वाढलेलीं; त्यांना शिकार करावयास कोणीं शिकविलेंच नाहीं. आणि कांहीं असे, कीं ज्यांनीं माणसावर हल्ला केला म्हणून त्यांना धरून आणलेलें आहे.

एका मांच्यावर तीन पायांची मादी आमच्याकडे पाठ करून पडली होती. तिनें तोंड वळवावें, नातवाला चेहरा दिसावा, म्हणून आम्हीं हळूच टाळी वाजविली. क्षणार्धांत ती मांच्यावरून उडी टाकून जाळीपाशीं आली आणि असा आवाज केला कीं आमची काठी हातांतून गळून पडली. कर्मचारी शांतपणें म्हणाला, “बाबा, टाळी नका वाजवूं. तिला पकडलं तेव्हां चहूंकडून माणसं थाळ्या वाजवीत होतीं. ती तें विसरलेली नाहीं.” छत्तीस वर्षें वर्गांत ‘शांत बसा’ म्हणून ओरडण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला हें नातवादेखत ऐकावें लागलें! नातू कांहीं बोलला नाहीं. त्यानें फक्त काठी उचलून दिली.

“धरलेलीं जनावरें दूर घनदाट जंगलांत कां सोडून देत नाहींत?” असें आमच्या कुटुंबानें विचारलें. प्रश्न स्वाभाविक होता, आणि पूर्वीं वनखात्यासही तसेंच वाटलें होतें. 2001 सालापासून जुन्नर भागांतील बिबटे धरून दूर नेऊन सोडण्याचा क्रम सुरू झाला. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचा अभ्यास करून 2011 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1993 ते 2001 या काळांत वर्षाला सरासरी 4 हल्ले माणसांवर होत; 2001 ते 2003 मध्यें ते 17 वर गेले. अनोळखी मुलुखांत टाकलेलें, माणसानें हाताळलेलें जनावर बिथरतें, आणि येथें त्याची मोकळी झालेली हद्द घ्यावयास दुसरा बिबट्या येतो. चांगल्या हेतूनें केलेल्या कृत्याचें फळ चांगलेंच येतें असें नाहीं, हें आम्ही मुलांना पुस्तकांतून शिकवीत असूं. येथें तें आंकड्यांत मांडलेलें होतें.

रात्रीं मळ्यावर जेवणें झालीं. आम्ही त्या मुक्या जीवांच्या हालांविषयीं, भूतदयेविषयीं बरेंच बोललों. यजमान ऐकत होते. शेवटीं म्हणाले, “गुरुजी, रागावणार नसाल तर बोलतों. पिंजऱ्यांतल्या वाघावर दया करणं सोपं आहे. आतां माझ्या पंपाची वीज रात्रीं येणार. ती आली कीं मला बॅटरी घेऊन उंसांत शिरायचं आहे. मीं दोन कुत्रीं आणि एक कालवड घालविली. भरपाई मिळाली, नाहीं म्हणत नाहीं. पण मुलगी शिकवणीहून अंधार पडायच्या आंत आली नाहीं तर तिची आई जेवत नाहीं, त्याची भरपाई कोण देणार?” मग बांधावरच्या ऊंसतोड मजुरांच्या कोप्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “आमच्या घराला भिंती तरी आहेत. त्यांचीं पोरं पाचटाच्या खोपटांत निजतात.”

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. 1972 च्या कायद्यानें बिबट्यास पूर्ण संरक्षण आहे आणि तें असावें, असें आम्हांस वाटतें. पण त्याची किंमत आमच्या पेठेंतल्या वाड्यानें कधीं दिलेली नाहीं, हेंही खरें.

गंमत अशी कीं, हेच गृहस्थ पुढें सांगूं लागले तें निराळेंच. आदल्या वर्षीं तोडणी चालूं असतां त्यांच्याच फडांत दोन पिलें निघालीं, डोळे नुकते उघडलेलीं. जमाव जमला, कोणी म्हणे उचला, कोणी म्हणे मारा. यांनीं तोडणी थांबविली आणि केंद्रास कळविलें. पशुवैद्यानें येऊन पिलें तपासलीं आणि ओळख पटावी म्हणून त्यांच्या कातडीखालीं तांदुळाएवढी खूण बसविली. दिवस मावळतांना तीं एका खोक्यांत घालून, सांपडलीं त्याच जागीं ठेवलीं, आणि सर्वजण दूर गेले. आई पिलें टाकून गेलेली नसते. ती माणसांच्या भयानें जवळच दडून असते. रात्रीं दहाच्या सुमारास ती आली, खोकें कलंडलें, आणि मानेला धरून एकेक पिलूं घेऊन गेली. पिलें मिळालीं नाहींत तर तीच मादी पिसाळून वस्तीभर हिंडते. म्हणून ही दया आहे तसेंच शहाणपणही.

“तोडणी थांबली, तेव्हां मजुरांचा दिवस बुडाला असेल?” आम्हीं विचारलें.

“बुडाला. तो मीं दिला.” एवढेंच म्हणून ते बॅटरी घेऊन उठले. वीज आली होती.

सकाळीं निघतांना त्यांच्या मातोश्रींनीं आणखी एक गोष्ट सांगितली. आश्विन वद्य द्वादशीस आपल्या घरीं वसुबारस असते. गाय-वासराची पूजा होते. त्याच तिथीस पश्चिमेकडील डोंगरांतले महादेव कोळी वाघोबाला पुजतात आणि तिला वाघबारस म्हणतात. गाय आणि तिला खाणारा, दोघांचीही एकच तिथि! इतकीं वर्षें आम्ही पंचांग वाचीत आलों, पण त्या तिथीचा हा अर्धा भाग आम्हांस ठाऊक नव्हता.

परवां यजमानांचें पत्र आलें. यंदाही शेजारच्या फडांत पिलें निघालीं आणि आईनें नेलीं. मजुरांच्या कोप्यांभोंवतीं गांवानें दिवे लावले. पंपाची वीज मात्र अजून रात्रींच येते. नातवानें पत्र दोनदां वाचलें आणि विचारलें, “त्या तीन पायांच्या मादीचं काय?” तिच्याविषयीं पत्रांत कांहीं नव्हतें. आम्हीं उत्तरांत तेवढेंच विचारलें आहे.