बिनकॅरिअरची सायकल

बीएमएक्स ही सायकल नव्हे, खेळणं आहे, असं माझं पक्कं मत होतं. लहानपणी ती माझ्याकडे होती तरीही. किंबहुना होती म्हणूनच. आमचं क्वार्टर होतं त्या ऊर्जानगरच्या कॉलनीतले रस्ते डांबरी आणि सपाट. पुढचं चाक उचलून दाखवण्यापलीकडे आम्ही पोट्ट्यांनी तिथे तिचं काही केलं नाही. गावाकडे नेली की तिला कोणी विचारत नसे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सायकल म्हणजे कॅरिअर. सरपणाची मोळी, धानाचं पोतं, मोहफुलांची टोपली, मागे बायको आणि पुढे दांडीवर लेकरू, एवढा संसार काळ्या अॅटलसवर मावतो. माझ्या सायकलीला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, डायनामो नाही, धड स्टँडसुद्धा नाही. होतं काय, तर दांडीला आणि हँडलला गुंडाळलेले लाल स्पंजचे पट्टे, आणि समोर नंबराची प्लास्टिकची पाटी. काका विचारायचे, "हिच्यावर सरपण कसं आणशीन, बाबू?" माझ्याकडे उत्तर नसायचं. हळूहळू त्यांचंच मत माझं झालं आणि पुढे मी तेच लोकांना ऐकवू लागलो.

मापाचाही एक गमतीदार घोळ होता. बाबांची सायकल 22 इंची, माझी 20 इंची. म्हणजे दोनच इंचांचा फरक, असं मी वर्गात सांगायचो. 22 हे फ्रेमच्या उंचीचं माप आणि 20 हे चाकाचं, हे एका पंक्चरवाल्याने हसत समजावलं तेव्हा माझा भाव एकदम उतरला.

या सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातला. 1970 च्या आसपास तिथली पोरं मोटोक्रॉसच्या शर्यती बघून त्याच थाटात मातीच्या उंचवट्यांवरून आपल्या छोट्या सायकली दामटू लागली. 'ऑन एनी संडे' या 1971 च्या माहितीपटाच्या सुरुवातीलाच ती दिसतात. पुढे 2008 मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये बीएमएक्सची शर्यत आली. हे सगळं मला ठाऊक होतं, पण त्यातला 'माती' हा भाग कधी डोक्यात शिरला नव्हता.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, तेव्हा ही सायकल सामानाबरोबर आरमोरी तालुक्यात बहिणीच्या घरी गेली आणि धानाच्या कोठीमागे पडून राहिली. भंगारवाल्याला देऊन टाक, असं मी दर दिवाळीला सांगायचो. सहावीतल्या भाचीने ती बाहेर ओढली. टायर वाळून तडकले होते, पण लहान मुलांच्या बऱ्याच सायकलींना आजही 20 इंची चाकं असतात, त्यामुळे नवे सहज मिळाले. फ्रीव्हील गंजून बसलं होतं. रॉकेल आता कुठे मिळतं? मिस्त्रीने ते डिझेलच्या डबड्यात बुडवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बोटाने फिरवलं तर आतले खटके टकटक वाजायला लागले. फ्रेमवर पान्याची टिचकी मारून तो म्हणाला, "भाऊ, असं लोखंड आता नाही भेटत."

खरा निकाल लागला पावसाळ्यात, पांदणीवर. शेत कन्हारी, म्हणजे चिकट मातीच्या जमिनीतलं. तिथला चिखल ज्याने तुडवला आहे त्याला सांगायला नको. जावयांची मोठी सायकल थोडी पुढे गेली आणि मडगार्ड व टायरच्या मधे चिखल ठासून बसला, चाक फिरेना. काडीने उकरायचं, चार पावलं ढकलायचं, पुन्हा उकरायचं. शेवटी सायकल खांद्यावर. भाची मात्र पुढे गेलेली. तिच्या चाकाभोवती चिखल अडकायला काही नव्हतंच. टायर रुंद, त्यामुळे चाक रुतत नव्हतं. दांडी खाली, त्यामुळे तोल गेला की दोन्ही पाय जमिनीवर. एकदा ती पुढे हँडलवर आदळली, तेव्हा लाल स्पंज कशासाठी असतो तेही कळलं. जे जे नाही म्हणून मी या सायकलीला नावं ठेवत होतो, ते मुद्दामच ठेवलेलं नव्हतं. खोट सायकलीत नव्हती, आमच्या कॉलनीच्या डांबरात होती.

सरपणाचा प्रश्न मात्र काकांनी बरोबरच विचारला होता. बीएमएक्सवर मोळी येत नाही, ती नाहीच येत. घरात एकच सायकल घ्यायची ऐपत असेल तर मी आजही कॅरिअरवालीच घ्या म्हणेन. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासून पुढच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. भाचीला ती मिळेपर्यंत हिच्यावर भागेल, असा बहिणीचा हिशेब.

सध्या आमचं भांडण वेगळंच चालू आहे. मागचं चाक चिखल उडवतं आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टावर पाठभर पट्टा उमटतो. धुवायचा बहिणीला. तिला मडगार्ड हवं. ते लावलं तर सायकलीचा जीवच गेला, असं मी फोनवरून तावातावाने सांगतो. "मग तू येऊन धू," ती म्हणते. तडजोड म्हणून मिस्त्रीने हाताने काढता येईल असं प्लास्टिकचं मडगार्ड आणायचं कबूल केलं आहे, फक्त मागचं.