डबल बेल

‘प्रोटोकॉल’ म्हटले की आपल्यापुढे मंत्र्यांचा दौरा उभा राहतो: हार कुणी घालायचा, पुढची खुर्ची कुणाची. यंत्रांनाही असला शिष्टाचार लागतो, आणि तो आपल्यापेक्षा ती अधिक इमानाने पाळतात, हे मला आईच्या श्रवणयंत्राने शिकवले.

कान गेल्यापासून आईने फोन घेणेच सोडले होते. “नुसते हूं हूं करत बसायची लाज वाटते रे,” म्हणायची. दोन वर्षे सख्ख्या बहिणीशी बोलणे नाही. नवे यंत्र आले, आणि तिला साताऱ्याच्या गाडीत बसवायला मी स्वारगेटला गेलो. रिक्षावाल्यांच्या हाका, ध्वनिक्षेपकाची घरघर, गाड्यांचे हॉर्न! त्यात पिशवीतला मोबाईल वाजला. मावशीचा आवाज ब्लूटूथने थेट कानात उतरला, आणि दोघींचा लोणच्यातल्या मोहरीवरून वाद जुंपला.

या लहरींची जागा 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथे वाय-फायचीही वर्दळ. म्हणून मूळ ब्लूटूथ 79 वाटांवरून सेकंदाला 1600 उड्या मारते. 2010 साली आलेल्या कमी विजेच्या पद्धतीत वाटा 40. उड्यांचा क्रम दोन्ही यंत्रांनी आधीच ठरवलेला असतो. पण हे झाले तळाचे काम. त्यावर थर रचलेले: एक ओळख पटवतो, एक निरोपाचे तुकडे करून पलीकडे सांधतो, एक ‘तुला काय काय येते?’ असे विचारतो. इंग्रजीत याला ‘स्टॅक’ म्हणतात. मी आपली ‘उतरंड’ म्हणतो.

समोरून सांगलीची गाडी सुटत होती. वाहकाने दोनदा घंटी दिली. चालकाने गाडी हलवली. सुटे पैसे कुणी दिले नाहीत याच्याशी त्याला कर्तव्य नाही, आणि वाहकाला गिअरशी नाही. उतरंडीतही प्रत्येक थर शेजारच्या थराची खूण तेवढी ओळखतो. म्हणून तर आईचे यंत्र एका कंपनीचे, मोबाईल दुसरीचा, तरी दोघांचे जमते.

नावाचीही गंमतच. हॅरल्ड ब्लूटूथ हा डेन्मार्कचा दहाव्या शतकातला राजा. त्याने विखुरलेले लोक एका सत्तेखाली आणले. 1997 साली इंटेलच्या जिम कार्डाक यांनी ते नाव तात्पुरते सुचवले, आणि घरातल्या ‘बाळू’सारखे तेच कायमचे चिकटले. मोबाईलवरची निळी खूण म्हणजे त्या राजाची जुन्या लिपीतली आद्याक्षरे.

साताऱ्याची गाडी लागली. “आई, चल,” मी दोनदा म्हणालो. तिला ऐकू गेले नाही; कानात मावशी होती. शेवटी खांद्यावर हात ठेवला.

“थांब गं जरा,” ती फोनवर म्हणाली, “हा काहीतरी म्हणतोय.”