तात्यांच्या वह्या

शाळामास्तरावर मराठीत लिहू लागले की लेखणी आपोआप चितळे मास्तरांच्या वळणाने जाते. पु. लं.नी ती वाट इतकी मळून ठेवली आहे की तिच्यावरून चालणारा दुसरा कोणी मास्तर दिसेनासा होतो. दुसरी मळलेली वाट श्रद्धांजलीची. तिथे प्रत्येक गृहस्थ 'त्यागमूर्ती' असतो. आमचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, या दोन्ही साच्यांत नीट बसत नाहीत. आम्ही दोघी बहिणी मराठी शिकवून पोट भरतो, तेव्हा साचे आम्हांला चांगलेच ठाऊक आहेत. म्हणूनच हे जपून लिहीत आहोत.

तात्या इस्लामपुरात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते आणि २००३ साली निवृत्त झाले. तालुक्याचे नाव वाळवा आणि कचेऱ्या मात्र इस्लामपुरात, ही गंमत ते बाहेरगावच्या पाहुण्याला हटकून सांगत. (२०२५ मध्ये गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. ते असते तर गमतीत आणखी एका वाक्याची भर पडली असती.) रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे याच तालुक्याचे. लावणी आणि पोवाडा इथल्या मातीतच आहे. तात्यांचे कान मात्र मिरजेकडे लागलेले असत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर शिकले ते मिरजेत, आणि १९३१ साली त्यांचा अंतही तिथेच झाला. अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांचे दफन मिरजेच्या दर्ग्यात आहे. उरुसातल्या गाण्याला तात्या न चुकता जात. रात्रभर ऐकून पहाटेची एस.टी. धरत आणि पहिल्या तासाला वर्गात हजर असत. डोळे तांबारलेले, पण हजेरीपुस्तकावरची सही वेळेवर.

त्यांचा आवाज सामान्य होता, हे सांगून टाकले पाहिजे. पेटीवर बोटे बरी चालत. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी हद्दपार केली आणि पुढे सुमारे तीन दशके ती तिथे वर्ज्यच राहिली. 'आमचे वाद्य सरकारने नापास केलेले' असे म्हणून तात्या हसत. मोठे गायक होण्याचे त्यांच्या मनात होते की नाही, यावर आम्हां दोघींचे अद्याप एकमत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण त्यांनी दिली आणि विशारदला बसण्यापूर्वी आजीला अर्धांगवायू झाला. दर रविवारचा मिरजेचा धडा बंद पडला. नऊ वर्षे आजीचे सगळे त्यांनी केले. अंग पुसण्यापासून भरवण्यापर्यंत. धाकट्या काकांचे शिक्षण आणि आत्याचे लग्नही त्याच काळात झाले. थोरली म्हणते, त्यांचे गाणे या घराने घेतले. धाकटी म्हणते, तेवढ्या आवाजाला विशारदने काय मोठे दिले असते?

वर्गात मात्र त्यांचे गाणे वाया गेले नाही. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत हे आज आमच्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांना पाठ असते. चार 'य' गणही ते लघुगुरूच्या खुणा करून काढून दाखवतात. पण वृत्त त्यांना ऐकू येत नाही. तात्या चौथीच्या मुलांना खुणा शिकवतच नसत. एका 'य' गणाच्या मात्रा पाच, दोन गणांच्या दहा, म्हणजे झपतालाचे एक आवर्तन, चरणाची दोन. पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर टाळी, सहावीवर खाली. चाळीस पोरे टाळ्या वाजवत श्लोक म्हणत आणि शेजारच्या वर्गाचे गुरुजी तक्रार करत. छंदःशास्त्रावरचे पुष्कळ ग्रंथ आम्ही पुढे वाचले. त्यांतले बरेचसे आम्हांला आधीच हाताच्या तळव्यांना माहीत होते.

गुरुवारी संध्याकाळी घरी बैठक असे. तबल्याला पोस्टातले एक गृहस्थ येत, टाळांना कोणीही चाले. सात-आठ माणसे दोन खोल्यांच्या घरात. चहा दोनदा. कुटुंबवत्सल, कुटुंबवत्सल म्हणून तात्यांचे जे कौतुक झाले, त्यात दूध किती लागले आणि ते कोणत्या पैशांतून आले हे कोणी विचारले नाही. काकांच्या फीसाठी आईच्या पाटल्या मोडल्या, तेव्हाही घरी आलेल्या प्रत्येकाने शाबासकी तात्यांनाच दिली. ती त्यांनी घेतली. त्यांच्यावर आमची माया कमी नाही. पण हे लिहिल्यावाचून त्यांचे चित्र खरे होत नाही.

त्यांच्या अकरा वह्या आमच्याकडे आहेत. उजव्या पानावर चिजा, स्वरलिपी भातखंडे पद्धतीची. डाव्या पानावर रॉकेल, आजीची औषधे, आत्याच्या सासरी पाठवलेली मनिऑर्डर. यमनाच्या शेजारी शेंगदाण्याचा भाव. साहित्याच्या अभ्यासकाला याहून चांगले आत्मचरित्र कुठे मिळणार, असे वाटून आम्ही त्या उन्हाळ्याच्या सुटीत वाचायला घेतल्या. सातव्या वहीत देस रागाच्या एका चिजेत, अवरोहातल्या 'नि'खाली शिसपेन्सिलीने आडवी रेघ ओढलेली दिसली. कोमलाची खूण, तात्यांकडून राहून गेलेली. तात्या शाईनेच लिहीत. पुढे चाळत गेलो तर अशा रेघा आणखी चार ठिकाणी, सगळ्या बरोबर.

आई भाजी निवडत होती. तिला विचारले.

"कान काय फक्त त्यांनाच होते?" ती म्हणाली. "इतकी वर्षं आतून ऐकत होते. एकदा त्यांनाच विचारलं, ही रेघ कशाची गं असते ते सांगा की. सांगितलं त्यांनी. मग चुकलेलं दिसलं की ओढायची."

"तात्यांना कळलं होतं?"

"कळलं असणार. खोडलं नाही कधी."

त्या चिजेचा अंतरा वहीत नव्हता. तो तिने सांगितला; गाऊन नव्हे, नुसता बोलून, हातातल्या मेथीच्या काडीने ताटावर मात्रा मोजत. आम्ही तो तात्यांच्या लिपीखाली उतरवून घेतला आहे.