साखरखेर्ड्याची लढाई आणि फ्लॉरेन्सचा दंड

सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाताना वाटेत दुसरबीड लागते. घोटभर चहा घेऊन एस.टी. सुटेपर्यंत पाहून व्हावे एवढेच गाव, असे पुष्कळांना वाटते. मला मात्र या मुलखातून जाताना दूरच्या इटलीतले फ्लॉरेन्स आठवते. हसू नका, वाचकहो; कारण आहे.

फ्लॉरेन्सला राजा नव्हता. कारभार सभांचा. सन 1260 मध्ये शेजारच्या सिएनावर चाल करून जायचे ठरत होते. लढाईचा गाडा बैलांनी ओढायचा, बैलांवर तांबडी झूल. थेट आपला पोळाच! त्याच्यासंगे लढाईची घंटा. सभेत काही जाणत्यांनी विरोध केला. व्हिल्लानी नावाचा बखरकार सांगतो की, चेचे देई गेरार्दिनी बोलायला उठला, तेव्हा कारभाऱ्यांनी त्याला शंभर लिरांचा दंड ठोठावला. ‘भरतो, पण बोलू द्या,’ असा त्याचा हेका. दंड दुप्पट झाला, आणखी वाढला; तरी तो भरायला तयारच. अखेर शिरच्छेदाची धमकी दिली, तेव्हा गडी बसला. 4 सप्टेंबरला मोंतापेर्तीच्या मैदानावर फ्लॉरेन्सचा दारुण पराभव झाला.

आता आपल्याकडे या. आपल्याकडेही सभा होत्याच. गोतसभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत. महजरावर कुणबी नांगराची निशाणी काढी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. वतन कुणाचे, शीव कुठली, हे तिथे ठरे. लढाई मात्र कधीच ठरत नसे! ती दरबारात ठरे, आणि दरबाराचा भरवसा काय सांगावा? याच सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांना 1629 मध्ये दौलताबादेला निजामशाही दरबारातच मुलांसह ठार केले. जिजाऊंचे माहेर ते!

दुसरबीडपासून आडवाटेने साखरखेर्डा गाठावे. तिथे 11 ऑक्टोबर 1724 रोजी निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान भिडले. दोघेही दिल्लीच्या बादशहाचेच नोकर. निजामाला बाजूला सारण्यासाठी मुबारिजखानाला फूस होती, तीही दिल्लीचीच. मराठ्यांची फौज निजामाकडे होती. मुबारिजखान पडला, त्याचे शिर दिल्लीला गेले. ज्या बादशहाने फूस दिली, त्यानेच 1725 मध्ये निजामाला दख्खनची सुभेदारी आणि आसफजाह हा किताब दिला. पुढे दोनशेहून अधिक वर्षे हैदराबादेत जे राज्य चालले, त्याचा पाया या शिवारात पडला.

उभी ज्वारी कुणाची तुडवली गेली? साखरखेर्ड्याच्या पाटलाला कुणी विचारले नव्हते. आणि त्याच्यावर दंड बसला नाही, कारण त्याला बोलायची जागाच नव्हती. चेचेचा मला हेवा वाटतो, तो एवढ्यासाठीच.

विजयाच्या आनंदात निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. कागदावर ते चढलेही. गावकऱ्यांनी मात्र ते जिभेवर चढू दिले नाही. आजही तिथे पत्र टाकायचे, तर साखरखेर्डा असेच लिहावे लागते.