एक नोव्हेंबरच्या आत

१ नोव्हेंबर ही तारीख बेळगावात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कुणाच्या घरी ती राज्योत्सवाची, कुणाच्या घरी काळ्या दिनाची. आणि आपल्यासारख्या मराठी-कानडी घरांत दोन्हींची, म्हणजे त्या दिवशी जरा जपून बोलायची. यंदा २०२५ च्या दिवाळी सुट्टीला जोडून रजा टाकली आणि न्यू जर्सीला ताईकडे गेलो, तर तिथेही याच तारखेचा धाक! भाचीला फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात अर्ज करायचा होता, आणि 'अर्ली' करायचा तर शेवटची तारीख १ नोव्हेंबर.

ताईचे सासर धारवाडचे. भावोजी कानडीत विचारतात, ताई मराठीत विचारते, पोरगी दोघांनाही इंग्रजीत उत्तर देते. 'मामा' हा शब्द दोन्हीकडे चालतो, एवढी माझी सोय.

हे 'अर्ली' प्रकरण मला दोन दिवस कळेना. मग भाचीने कागदावर काढून दाखवले. नेहमीचा अर्ज जानेवारीत जातो, निकाल मार्चअखेर लागतो आणि १ मेपर्यंत कुठे जायचे ते ठरवता येते. लवकरचा अर्ज नोव्हेंबरात, त्याचा निकाल डिसेंबरात. प्रिन्स्टनसारख्या काही ठिकाणी लवकर निकाल घेऊनही तुम्ही मोकळे राहता. पेनमध्ये तसे नाही. तिथे 'अर्ली डिसिजन' म्हणजे बांधून घेणे. मुलगी, पालक आणि शाळेतले समुपदेशक अशा तिघांच्या सह्या. प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. आपल्याकडे सीईटीच्या समुपदेशनात जागा मिळाल्यावर चॉईस वन की चॉईस टू यावर घराघरांत रात्री जागवल्या जातात. इथे जागा मिळण्याआधीच चॉईस वन लिहून द्यायचा.

"म्हणजे दुसरी स्थळं बघायच्या आधीच सुपारी फोडायची," ताई म्हणाली.

मग लोक हे करतात कशाला? पेनच्या पहिल्या वर्षाच्या जवळपास निम्म्या जागा या लवकरच्या अर्जांतूनच भरतात. हार्वर्डच्या काही अभ्यासकांनी २००३ साली यावर एक पुस्तकच लिहिले. लवकर अर्ज केल्याचा फायदा एसएटी परीक्षेत शंभर गुण जादा मिळवण्याइतका होतो, असा त्यांचा हिशेब होता. या पद्धतीचा लाभ पैसेवाल्यांनाच होतो, असे म्हणत हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये ती बंद करायचे जाहीर केले आणि २०११ मध्ये पुन्हा सुरू केली. तत्त्वाला पाच वर्षे म्हणजे तशी कमी नव्हेत.

शनिवारी आम्ही दोघे रेल्वेने निघालो. ट्रेन्टनला गाडी बदलून फिलाडेल्फियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनवर उतरलो. तिथून विद्यापीठ चालत जाण्यासारखे. मधोमध लोकस्ट वॉक नावाचा झाडांचा रस्ता, वाहनांना बंदी. ऑक्टोबरातली पिवळी पाने विटांवर पडलेली. हिरवट दगडाचा जुना कॉलेज हॉल, पुढे संस्थापक बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा. थोडे पुढे तोच फ्रँकलिन बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलेला, शेजारी जागा मोकळी. मी बसून फोटो काढून घेतला.

ग्रंथालयाच्या इमारतीपाशी मी जरा रेंगाळलो. अमेरिकेतला दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा पहिला विभाग १९४८ मध्ये याच विद्यापीठात सुरू झाला. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवरचा प्रबंध १९६९ मध्ये इथेच पूर्ण केला. एम. ए. करताना झेलियट हे नाव ऐकले होते. ते नाव आणि ही विटांची वाट आजवर मनात एकत्र आली नव्हती. भाचीला सांगितले. तिने "हो?" म्हटले आणि पुढे गेली.

सदतिसाव्या रस्त्याच्या चौकात फरशीत एक होकायंत्र बसवलेले आहे. मी सरळ त्यावरून चाललो होतो, तेवढ्यात तिने माझी बाही ओढली. "मामा, त्याच्यावर नको!" पहिल्या वर्षाच्या मुलाने त्यावर पाय दिला तर तो पहिल्या परीक्षेत नापास होतो, अशी तिथली समजूत. अर्ज अजून गेलेला नाही आणि ही नापास व्हायला भिते! स्वतः ती त्या वर्तुळाला वळसा घालून गेली. मला हसू आले, पण तिला ही जागा मनापासून हवी आहे, हेही त्या वळशातच कळले. नुसती धास्ती संपवायला घाईने अर्ज करणारी ती नव्हती.

मला फिलाडेल्फिया म्हटले की आनंदीबाई जोशी. १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. मार्च १८८६ मध्ये इथल्या वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतली, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. ते कॉलेज पुढे विलीन होत होत ड्रेक्सेल विद्यापीठात आले, आणि ड्रेक्सेल पेनला अगदी लागून. त्या बाजूने परतताना मी हे सगळे सांगितले. तिने इतकेच विचारले, "आवडलं नसतं तर ती परत जाऊ शकली असती का, मामा?" मला उत्तर देता आले नाही.

खरी गाठ पैशाची होती. पेनचा वर्षाचा एकूण खर्च नव्वद हजार डॉलरच्या वर. घरची मिळकत पाहून विद्यापीठ मदत देते, आणि ती पुरेशी नसेल तर बांधिलकीतून सुटताही येते. पण दुसऱ्या कुणी किती दिली असती, हे कधीच कळत नाही. ज्याला भाव विचारायचा असतो त्याने चार दुकाने फिरावी लागतात. न विचारता घेणाऱ्याला त्याचे काय! अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक कॉलेजला २०११ पासून खर्चाचा अंदाज सांगणारा 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' ठेवावा लागतो. रविवारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भावोजींनी त्यात घराचा हप्ता, पगार, शिल्लक सारे भरले. जो आकडा आला तो माझ्या दोन वर्षांच्या पगाराहून मोठा होता. धाकटा अजून आठवीत. भावोजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "आगली, हाकु." होऊ दे, टाक अर्ज.

माझे मत विचारले असते तर 'थांबा' म्हटले असते. विचारले नाही, आणि मामाने ते आपणहून सांगूही नये.

मी परत आलो. २ नोव्हेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास भाचीचा फोन आला. तिकडे १ तारीख संपायला काही मिनिटे होती. रटगर्स या घराजवळच्या सरकारी विद्यापीठाचा न बांधणारा लवकरचा अर्ज तिने पाठवला होता. पेनचा जानेवारीसाठी ठेवला.

"का गं?"

"अप्पा फार पटकन हो म्हणाले, मामा."

भावोजींना तिने सांगितले आहे की निबंध अजून नीट जमलेला नाही.