बालाघाटाचा माळ आणि चाकांची वाट

आपल्याकडे प्रवास म्हटला कीं काशी-रामेश्वराचा, फार तर महाबळेश्वर-उटकमंडचा, अशी एक समजूत रूढ झालेली आहे. ज्या जिल्ह्यावरून आपली मोटार वर्षांतून दोनदां धांवत जाते, तो जिल्हाहि पाहण्याजोगा असूं शकेल, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. धाराशिव जिल्ह्याचें असेंच झालें आहे. तुळजापूरच्या भवानीच्या दर्शनास लक्षावधि लोक येतात, देवीची ओटी भरतात आणि आल्या वाटेनें परत जातात. रस्त्याच्या दोहों बाजूंस पसरलेला बालाघाटाचा माळ त्यांच्या दृष्टीस पडतो खरा. पण तो त्यांच्या लेखीं नुसती मोकळी जागा असते. त्या मोकळ्या जागेंत कोण राहतें, आणि तिच्यावर नव्यानें आलेल्या एका वाहनामुळें कोणता प्रश्न उभा राहिला आहे, हें वाचकांपुढें मांडावें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम प्रदेशाची थोडी ओळख करून देणें बरें. जुन्या हैदराबाद संस्थानांत या जिल्ह्याचें मुख्य ठाणें नळदुर्ग येथें होतें. तें १९०४ सालीं धाराशिवास आलें. पुढें सातव्या निजामाच्या नांवावरून गांवास उस्मानाबाद म्हणूं लागले. २०२३ सालीं जुनें नांव सरकारी दप्तरांत पुनः रूढ झालें. बालाघाटाची रांग या जिल्ह्यांतून गेली आहे. तिचा माथा सपाट, कडा तुटलेल्या, आणि खडक सगळा काळा. त्या खडकावर मातीचा थर कोठें वीतभर, तर कोठें चार बोटेंच. पाऊस कमी आणि लहरी. अशा जमिनीवर मोठें झाड धरत नाहीं, गवत मात्र धरतें. पावसाचे चार थेंब पडले कीं करडा माळ आठ दिवसांत हिरवा होतो, आणि दिवाळी उलटतांच पुनः सोनेरी.

आषाढाच्या अखेरीस माझा पुतण्या मुलांमाणसांसह पुण्याहून आला होता. त्याच्या मुलांस क्वॉड बाइक नांवाच्या वाहनावर बसावयाचें होतें. एका शेतकऱ्यानें आपल्या खासगी माळरानांत अशीं चार-पांच वाहनें ठेविलीं आहेत, तेथें सकाळीं फेरी मारावी व दुपारीं येडशीच्या अभयारण्यांत जावें, असा बेत ठरला. मलाहि बरोबर घेतलें. सूनबाईंनीं पोळ्या, बटाट्याची भाजी व दहीभाताचा डबा घेतला, आणि आम्ही साडेसहाला निघालों.

हें वाहन ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. घोड्यावर बसल्याप्रमाणें यावर दोन्ही बाजूंस पाय टाकून बसावयाचें, आणि मोटरसायकलीसारखा दांडा धरून तें वळवावयाचें. चाकें मात्र चार, बुटकीं आणि फुगीर. टायरांत हवा मुद्दाम कमी दाबाची ठेवतात; त्यामुळें टायर जमिनीवर पसरून बसतो आणि चिखलांत किंवा वाळूंत सहसा रुतत नाहीं. होंडा या जपानी कंपनीनें १९७० सालीं अशा वाहनाचा तीन चाकांचा प्रकार काढला. तो वळणावर उलटे आणि माणसें जखमी होत. म्हणून १९८८ मध्यें अमेरिकेंत त्याची विक्री थांबली. तत्पूर्वींच, १९८२ सालीं, सुझुकी कंपनीनें चार चाकांचें वाहन बाजारांत आणलें होतें, आणि पुढें तेंच रूढ झालें. मूळ उपयोग हौसेनें हिंडण्याचा, म्हणजे करमणुकीचा. शेतकाम मागाहून आलें.

आमच्याबरोबर वाट दाखविण्यास त्या शेतकऱ्याच्याच वाडीवरचा एक तरुण होता. त्यानें सर्वांच्या डोक्यांस शिरस्त्राणें बांधलीं, मुलांस आपल्यापुढें बसविलें आणि फेरी सुरू झाली. पुतण्याच्या मागें मी बसलों. पहिल्या पाव तासाचें वर्णन करावयाचें तर आवाज, हिसके आणि पुढच्या चाकांनीं उडविलेला चिखल, याहून अधिक कांहीं सांगतां येणार नाहीं. मुलें आनंदानें ओरडत होतीं, आणि त्यांचा आनंद खरा होता. पण माळ म्हणून जो कांहीं आहे, तो डोळ्यांपुढून नुसता वाहत होता. एका जागीं दृष्टि ठरेल, तर पदार्थ दिसावा!

एका चढावर पुढें चाललेल्या त्या तरुणानें हात वर करून सर्वांस थांबविलें. पुतण्यास सरळ वर जावयाचें होतें. तरुणानें त्यास डावीकडचा लांबचा फेर दाखविला. मीं कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, “तिकडून न्हाई जायाचं गुरुजी, टिटवी बसलीय.”

यंत्रें बंद झालीं, आणि माळाचा स्वतःचा आवाज प्रथमच कानीं पडला. डोक्यावर टिटवी घिरट्या घालीत ओरडत होती. दूर कोठें चंडोल गात वर चढत होता. तरुणानें बोट दाखविलें तिकडे निरखून पाहिलें, तरी प्रथम कांहींच दिसेना. मग मुठीएवढ्या दगडांचें एक कडें दिसलें. तें त्यानेंच मांडलेलें होतें. त्या कड्याच्या मध्यभागीं, उघड्या खड्यांत, मातकट रंगाचीं काळ्या ठिपक्यांचीं चार अंडीं, टोकें आंत करून ठेविलेलीं. घरटें म्हणावें असें कांहींच नाहीं. ना काडी, ना पीस. त्या अंड्यांचें सारें संरक्षण म्हणजे तीं दिसूं नयेत एवढेंच.

पंचतंत्रांतील टिट्टिभाची कथा वाचकांस स्मरत असेल. समुद्रकांठीं अंडीं घालूं नयेत असें टिट्टिभी सांगते; समुद्राची काय बिशाद आहे, म्हणून टिट्टिभ ऐट करतो; आणि समुद्र अंडीं नेतो. पुढें सर्व पक्षी गरुडाकडे जातात, गरुड विष्णूस सांगतो, आणि विष्णूच्या धाकानें समुद्र अंडीं परत देतो. ही कथा मीं अनेक वर्षें वर्गांत शिकविली. तिच्या कर्त्यानें टिटवीच कां निवडली, याचा उलगडा त्या माळावर उभें राहिल्यावर होतो. उघड्यावर अंडीं घालणाऱ्या या पक्ष्यास आसरा म्हणून कशाचा नाहीं; समोरून येणाऱ्यानें वळावें, एवढाच त्याचा आसरा. कथेंतला समुद्र शेवटीं धाकानें नमला. चाकास धाक कोण घालणार?

हा प्रश्न एकट्या टिटवीचा नाहीं. चंडोल, तित्तिर, लावा हे सारे जमिनीवरच अंडीं घालतात. माळढोक हा या सर्वांत मोठा पक्षी. त्याची मादी बहुधा एकच अंडें घालते आणि तेंहि जमिनीवर. त्याच्यासाठीं शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य झालें. आज सर्व देशांत मिळून हे पक्षी दीडशेंच्या आसपास उरले आहेत असें मानतात, आणि महाराष्ट्रांत तर त्याचें दर्शन दुर्मिळच झालें आहे. त्याच्या ऱ्हासाचीं कारणें अनेक आहेत. शिकार, विजेच्या तारा आणि माळांची मोडतोड हीं त्यांतलीं मुख्य. मुळांत आपण गवताळ माळास ‘पडीक’ म्हणतों. जें पडीक, त्याचें कांहींहि केलें तरी चालतें, अशी आपली समजूत असते.

चाकाचा दुसरा परिणाम डोळ्यांस उशिरा दिसतो. चार बोटें मातीवरून एकाच ठिकाणीं चाक वारंवार गेलें म्हणजे गवत मरतें आणि माती दाबली जाते. उतारावर पावसाचें पाणी त्या चाकोरींतून वाहूं लागतें, चाकोरीचा ओघळ होतो, आणि कांहीं वर्षांनीं खालचा खडक उघडा पडतो.

न्याहारी करतांना यावर आमचा वाद झाला. पुतण्या म्हणाला, “काका, या माणसाचें पोट पाहा. पाऊस झाला तर ज्वारी आणि तूर. नाहीं झाला तर कांहीं नाहीं. या गाड्यांनीं त्याला रोख पैसा मिळतो. नाहीं तर त्यानें काय करावें, पुण्याला येऊन पहारेकरी व्हावें?” हें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. १९७२ च्या दुष्काळांत या भागांतील माणसें खडी फोडावयास गेलीं आहेत. ज्याच्या घरीं तो काळ येऊन गेला, त्यास टिटवीच्या अंड्यांवर व्याख्यान देणें सोपें नाहीं. शेतकऱ्यास मीं सरळच विचारलें. त्यानें सांगितलें कीं, वाट एकच ठेविली आहे. पाहुणे नव्या वाटेचा हट्ट धरतात, पण तो पुरवीत नाहीं. कारण गवत गेलें तर गुरांनीं काय खावें? मला वाटतें, वादाचें उत्तर तेंच होतें. वाहन असावें, पण वाट ठरलेली असावी, आणि ती कोठून न्यावयाची हें त्या मातीशीं ज्याचा संबंध आहे त्यानें ठरवावें.

तेथून आम्ही मोटारीनें येडशीस गेलों. धाराशिवपासून उत्तरेस सुमारें २० किलोमीटरवर हें गांव आहे. १८९७ सालीं सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढें लातूरपर्यंत गेली ती येथूनच. अडीच फूट रुंदीच्या त्या छोट्या रुळांच्या जागीं आतां रुंद रूळ आले आहेत. गांवाजवळच्या खोऱ्यांत रामलिंगाचें देऊळ आहे. चोहों बाजूंस डोंगर, देवळास वळसा घालणारा ओढा, पावसाळ्यांत धबधबा, आणि वानरांचे कळप. भोंवतालचें सुमारें २२ चौरस किलोमीटरांचें रान १९९७ सालीं येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून घोषित झालें. येथें चारचाकी खेळण्यास मज्जाव आहे, आणि तें योग्यच. मोटार ठेवून आम्ही पायीं निघालों. तासाभरांत मोरांचा केका ऐकला, ओल्या मातींत रानडुकरांनीं उकरलेली जागा पाहिली, आणि सकाळीं यंत्रावर ओरडणारीं मुलें आपोआप कुजबुजत बोलूं लागलीं.

रावणाशीं लढून घायाळ झालेला जटायू रामास येथें भेटला, अशी स्थानिक श्रद्धा आहे, व देवळापाशीं त्याची समाधि दाखवितात. नाशिककडील टाकेद आणि आंध्रांतील लेपाक्षी हीं गांवेंहि तोच मान सांगतात. त्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. अरण्यकांडांत रामानें त्या गृध्रास पित्यासमान मानून अग्नि दिला, हें महत्त्वाचें. त्या जटायूचें कुळ आज कोठें आहे? गुरांना देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध मेलेल्या गुराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत गेलें, त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, आणि थोड्याच वर्षांत देशांतल्या तीन जातींचीं शेंकडा नव्वदाहून अधिक गिधाडें नाहींशीं झालीं. २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. समाधीस हात जोडणाऱ्यानें एकदां वर आकाशाकडेहि पाहावें.

याच रानानें डिसेंबर २०२४ मध्यें सर्वांस चकित केलें. वन खात्यानें लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत एक वाघ दिसला. या भागांत कित्येक दशकांत वाघ आढळला नव्हता. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटविली, तेव्हां तो यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरच्या अभयारण्यांतला निघाला. तेथून येडशी सुमारें साडेचारशें किलोमीटर. मधलीं शेतें, नदीनाले, गांवें आणि राजमार्ग ओलांडून तो इतका दूर आला, आणि वाटेंत त्याचा फारसा बोभाटाहि झाला नाहीं. आडरानाचा प्रवास म्हणतात तो हा! परंतु नर वाघास २२ चौरस किलोमीटर म्हणजे अंगणच. त्यानें शेतकऱ्यांचीं गुरें मारलीं, लोकांत भय पसरलें, आणि त्यास पकडून सह्याद्रीच्या व्याघ्रप्रकल्पांत नेण्याचें ठरलें. जानेवारी २०२५ पासून खास पथकें आलीं, पण कित्येक आठवडे तो हातीं लागला नाहीं. ज्या कुटुंबाची गाय गेली त्यास वाघाचें कौतुक कसें वाटावें? तरीहि हा वाघ येथवर आला त्या अर्थीं मधला माळ, ओढ्यांचीं पात्रें आणि बांधांवरचीं झुडपें अजून सलग आहेत, हें मान्य केलें पाहिजे. आपण ज्यास मोकळी जागा म्हणतों, ती त्याची वाट होती.

जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं चार गोष्टी सांगून पुरें करतों. रेल्वेनें धाराशिव किंवा येडशी गांठावें. मोटारीनें सोलापूरहून तुळजापूर-धाराशिवमार्गें येडशी एका सकाळींत होतें. आषाढ-श्रावण हे दिवस उत्तम. मात्र श्रावणांत रामलिंगास यात्रेकरूंची फार गर्दी असते, म्हणून सोमवार टाळावा. वानरांस खावयास घालूं नये. तीं मग पिशव्या ओढतात. मुलांस चारचाकीवर बसावयाचें असेल तर खुशाल बसवावें, पण ठरलेल्या वाटेवरच, आणि त्याच दिवशीं तासभर तरी त्यांस माळावर पायीं न्यावें. मग त्यांस विचारावें कीं, चाकावरून काय दिसलें आणि पायांवरून काय दिसलें. आमच्या नातीनें दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरादाखल अकरा वस्तूंचीं नांवें लिहून काढलीं; पहिल्याच्या उत्तरांत तिनें “वारा” एवढेंच लिहिलें.